खाणी बंद, बँड चालू

ऑक्टोबर १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारने ३१ कोळसा खाणी बंद करण्याची घोषणा केली. यॉर्कशायरमधल्या ग्राइमथॉर्प गावची खाण त्या यादीत होती. त्यानंतर काही दिवसांतच लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ब्रास बँडांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती ग्राइमथॉर्प कोलियरी बँडने जिंकली. पुढच्या वर्षी खाणीला टाळे लागले. बँड मात्र आजही नावात ‘कोलियरी’ मिरवत वाजतो आहे. या घडामोडींवर बेतलेला ‘ब्रास्ड ऑफ’ हा चित्रपट १९९६ मध्ये आला आणि जगाच्या मनात एक चित्र पक्के झाले: ब्रास बँड म्हणजे मरणपंथाला लागलेल्या कामगारवस्तीचा शेवटचा हुंकार. पुढे घडले ते या चित्राशी जुळत नाही. वेल्सच्या ऱ्होंडा खोऱ्यातली शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली, आणि त्याच खोऱ्यातल्या कोरी बँडने २०१६ मध्ये युरोपीय, ब्रिटिश ओपन आणि राष्ट्रीय अशी तिन्ही अजिंक्यपदे एका वर्षात घेतली. गिरणी गेली की तिच्या सावलीत वाढलेल्या कलांचे काय होते, हा प्रश्न १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव पाहिलेल्या मराठी वाचकाला नवा नाही. म्हणूनच ब्रिटिश ब्रास बँड कशाच्या बळावर तगला, हे नीट तपासून पाहण्यासारखे आहे. मालकाचा पैसा, स्पर्धेची चुरस आणि गावाचा अभिमान ही नेहमी दिली जाणारी तीन कारणे आहेत. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही अपुरी आहेत. हा बँड मुळात नवशिक्याला सामावून घेणारी शिक्षणव्यवस्था म्हणून घडत गेला आणि त्याचे टिकणे त्या घडणीत आहे, असे पुरावे तपासल्यावर दिसते.

आधी हा बँड म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्याकडे बँड म्हटले की वरात डोळ्यांसमोर येते. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये सनई जातीची वाद्ये नसतात. क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. इतकेच काय, ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न ही ऑर्केस्ट्रातली नावाजलेली पितळी वाद्येही नाहीत. बँडचा गळा म्हणजे कॉर्नेट. एक लहान सोप्रानो कॉर्नेट आणि नऊ-दहा नेहमीच्या कॉर्नेट, त्यांच्या खाली एक फ्लुगेलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन, चार ट्युबा (बँडवाले त्यांना नुसते ‘बास’ म्हणतात) आणि तालवाद्यांवर दोन-तीन जण. अशी ही साधारण २८ जणांची मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावली. त्यात जॉन ग्लॅडनी, एडविन स्विफ्ट आणि अलेक्झांडर ओवेन या तीन मार्गदर्शकांचा वाटा मोठा. ट्रॉम्बोन वगळता यातल्या बहुतेक वाद्यांची नळी तोंडापासून भोंग्याकडे हळूहळू रुंद होत जाते. त्यामुळे आवाजाला धार कमी आणि गोलाई जास्त असते, आणि सगळी वाद्ये एकमेकांत सहज मिसळतात. लांबून ऐकणाऱ्याला पितळेचा कर्कश दणका अपेक्षित असतो. प्रत्यक्षात कानावर पडतो तो समूहगायनाच्या जवळ जाणारा नाद.

या मांडणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट श्रोत्याला ऐकू येत नाही, ती कागदावर असते. बास ट्रॉम्बोन सोडला तर सूर वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नोटेशन एकाच पद्धतीने, ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलेले असते. ट्रॉम्बोन वगळता वाद्य हातभर असो की मांडीवर न मावणारे, त्यावर कळा तीन. मोठ्या वाद्यांना कधी चौथी. पहिली कळ दाबली की सूर एका स्वराने उतरतो, दुसरीने अर्ध्या स्वराने, तिसरीने दीड स्वराने. कागदावर ‘सी’ लिहिला असेल तर कोणतीच कळ दाबायची नाही, मग वाद्य कुठलेही असो. त्यातून कॉर्नेटवर बी फ्लॅट निघतो, टेनर हॉर्नवर ई फ्लॅट आणि मोठ्या बासवर कॉर्नेटच्या दोन सप्तके खालचा बी फ्लॅट. पट्टी कुठलीही घेतली तरी गायकाचा सा हा साच राहतो, तसाच हा प्रकार. परिणाम असा की थर्ड कॉर्नेटवर दोन वर्षे घालवलेल्या मुलीला टेनर हॉर्नवाला गाव सोडून गेल्यावर त्याच्या खुर्चीत बसवता येते. तिला फुंकीची सवय बदलावी लागते, ओठ वेगळे बसवावे लागतात, पण वाचन आणि बोटे तीच राहतात. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाल्याला असे उद्या बासूनवर बसवता येणार नाही. शिवाय एकाच कॉर्नेट विभागात थर्ड, सेकंड, रिपियानो आणि पुढच्या रांगेतले सोलो अशा चढत्या अवघडपणाच्या जागा असतात. ज्याला पाचच सूर धड वाजवता येतात त्यालाही कुठेतरी काम असते आणि त्याच्या शेजारी त्याच्याहून दोन पावले पुढचा माणूस बसलेला असतो. कुठल्या शिक्षणतज्ज्ञाने आखून दिलेली ही सोय नाही. अपुऱ्या माणसांत आणि अपुऱ्या वेळेत बँड उभा करायच्या गरजेतून ती रुजली.

इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कळांची यंत्रणा निघाली आणि पितळी वाद्यावर सगळे स्वर वाजवणे सोपे झाले. १८४० च्या दशकात अ‍ॅडॉल्फ सॅक्सची सॅक्सहॉर्न जातीची वाद्ये डिस्टिन कुटुंबाच्या दौऱ्यांमुळे ब्रिटनभर गाजली. कारखान्यांतल्या उत्पादनाने किमती खाली आल्या आणि हप्त्यांवर वाद्ये मिळू लागली. यंत्रमागावर किंवा खाणीत राबून बोटे राठ झालेल्या माणसाला व्हायोलिनपेक्षा तीन कळांचे हे वाद्य लवकर साधत होते. १८५३ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत सुरू झालेली स्पर्धा आज ब्रिटिश ओपन म्हणून चालू आहे. पहिले बक्षीस घेणारा बँड होता मॉसली टेम्परन्स सॅक्सहॉर्न बँड, म्हणजे दारूबंदीच्या चळवळीतून निघालेला. १८६० मध्ये एंडर्बी जॅक्सन याने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठी स्पर्धा भरवली आणि रेल्वे कंपन्यांकडून स्वस्त सहलगाड्या मिळवून उत्तरेतल्या बँडांना राजधानीत आणले. ती जिंकली ब्लॅक डाइक मिल्स बँडने. क्वीन्सबरीच्या जॉन फॉस्टर यांच्या लोकरगिरणीने १८५५ मध्ये हा बँड आपल्या पंखाखाली घेतला होता, गणवेशही गिरणीच्याच कापडाचा. शतकाच्या अखेरीस देशात ४०,००० बँड होते, असा आकडा नेहमी दिला जातो. इतिहासकार तो फुगवलेला मानतात, आणि ते बरोबर असावेत. मात्र बँड नसलेले औद्योगिक गाव सापडणे अवघड होते, याबद्दल फारसा वाद नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. ब्लॅक डाइकचे उदाहरण देणारे म्हणतात की हे सगळे मालकांच्या पैशावर उभे होते. चांगला वादक दिसला की त्याला गिरणीत नोकरी दिली जाई. शिक्षणव्यवस्था वगैरे नंतरचा मुलामा आहे. नोकरीची गोष्ट खरी आहे. मर्थिर टिडफिलच्या क्रॉशे या लोखंड कारखानदाराने तर १८३८ मध्ये सायफार्थ्फा बँड जवळजवळ खासगी दरबारी वाद्यवृंदासारखा उभा केला होता. पण अशी उदाहरणे गाजली ती ठळक होती म्हणून. बहुसंख्य बँड वर्गणी, कर्जाऊ वाद्ये, जत्रेतल्या सुपाऱ्या आणि नाताळात घरोघर वाजवून मिळालेली नाणी यांवर चालत. खाणगावांत तर पैसा पुष्कळदा कामगाराच्याच घामाचा होता. १९२० च्या कायद्याने दर टन कोळशामागे एक पेनी कामगार कल्याण निधीत जमा होऊ लागली, त्यातून सभागृहे उभी राहिली आणि अनेक बँडांना सरावाची जागा मिळाली. या आक्षेपाला सर्वांत चोख उत्तर म्हणजे ब्रिगहाउस अँड रॅस्ट्रिक बँड. हडर्सफील्डजवळच्या दोन गावांचा हा बँड लोकवर्गणीवर चालत आला आणि मालकांच्या बँडांना हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद अनेकदा घेऊन गेला. १९७७ मध्ये त्याची ‘फ्लोरल डान्स’ ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचली. पैसा लागतोच, एका चांगल्या ट्युबाला हजारो पौंड पडतात, आणि खाणींबरोबर काही बँड बुडाले हेही नाकारता येत नाही. पण आश्रयदाता कधीच नसलेले बँड टिकले आणि आश्रयदाता गेलेलेही टिकले, तेव्हा मूळ कारण आश्रयाच्या बाहेर शोधायला हवे.

दुसरे उत्तर स्पर्धेचे. ब्रिटनमधले बँड पाच वर्गांत विभागलेले आहेत, वर चॅम्पियनशिप आणि खाली पहिला ते चौथा. दर वसंतात प्रादेशिक फेऱ्या होतात आणि तीन वर्षांच्या निकालांवरून बँड वर चढतो किंवा खाली घसरतो. एका वर्गातल्या सगळ्यांना एकच रचना वाजवायची असते. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. परीक्षक पडदे लावलेल्या खोक्यात बसतात. कोण वाजवते आहे हे त्यांना दिसत नाही. या पद्धतीचे सर्वांत मोकळे रूप मँचेस्टरच्या पूर्वेला सॅडलवर्थ आणि टेमसाइड भागात व्हिट फ्रायडेला पाहायला मिळते. पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी सकाळी चर्चच्या मिरवणुका निघतात आणि दुपारनंतर डेल्फ, डॉबक्रॉस, अपरमिल अशा डोंगरउतारावरच्या गावांत शंभराहून अधिक बँड बसगाड्यांतून उतरू लागतात. बस थांबते, वादक रस्त्यावर रांगा धरतात, एक मार्च वाजवत दोन्हीकडच्या गर्दीतून चालत जातात. मग ठरल्या जागी गोल करून दुसरा मार्च वाजवतात. जवळच्या कॅराव्हॅनमध्ये किंवा माडीवरच्या पडदे ओढलेल्या खोलीत परीक्षक गुण लिहितो. शेवटचा सूर विरतो न विरतो तोच वादक बसकडे पळतात, कारण रात्री अकराच्या आत आणखी चार-पाच गावे गाठायची असतात. अजिंक्यपदाचे मानकरी आणि नुकती कॉर्नेट धरलेली शाळकरी मुले याच रस्त्यावर एकामागून एक वाजवतात. १८८४ पासून नोंदलेली ही परंपरा पाहिली की स्पर्धा हेच इंजिन आहे असे वाटणे साहजिक आहे.

मात्र स्पर्धा हे कारण मानले तर साल्वेशन आर्मीचे कोडे सुटत नाही. १८७८ मध्ये सॉल्सबरीच्या फ्राय पितापुत्रांनी रस्त्यावरच्या प्रवचनाला पितळी वाद्यांची साथ दिली आणि त्यातून या ख्रिस्ती संघटनेचे बँड जगभर पसरले. १८८२ मध्ये ही संघटना मुंबईतही पोचली. तिचे बँड स्पर्धेत उतरत नाहीत, तिने प्रसिद्ध केलेले संगीत तर दीर्घकाळ बाहेरच्या बँडांना वाजवताही येत नसे. तरी शतकाहून अधिक काळ ते टिकून आहेत, आणि एरिक बॉल, विल्फ्रेड हीटन यांच्यासारखे संगीतकार त्यांच्यातून आले. त्यांच्यात आणि ग्राइमथॉर्पमध्ये समान धागा एकच: मुलांचा वेगळा बँड, त्यातून मोठ्यांच्या बँडात जाण्याची वाट, आणि सगळ्यांना येणारे तेच नोटेशन. स्पर्धा ही या वाटेला हुरूप देते, मुदत घालून देते, दर्जा मोजायला पट्टी देते. वाट मात्र तिच्या आधीपासून असावी लागते.

स्पर्धेवर एक उलटा आक्षेपही आहे: तिने संगीताचा गळा घोटला. गुण मिळवण्यासाठी लिहिलेल्या रचनांत कसरतच जास्त, आणि बँडवाल्यांचे जग आपल्याच विहिरीत गोल फिरते, असे टीकाकार सांगत आले आहेत. या टीकेला पुरावे आहेत. सुरुवातीची सहा दशके बँड मुख्यतः व्हर्दी, रॉसिनी, वॅग्नर यांच्या ऑपेरांतले निवडक भाग वाजवत होते. राष्ट्रीय स्पर्धेसाठी मुद्दाम लिहिलेली पहिली मोठी रचना, पर्सी फ्लेचरची ‘लेबर अँड लव्ह’, १९१३ ची. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बँडांची पट्टी ऑर्केस्ट्रापेक्षा जवळजवळ पाव स्वर चढी होती, म्हणजे ठरवले तरी एकत्र वाजवता येत नव्हते. हीटनची ‘कॉन्टेस्ट म्युझिक’ १९७३ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी मागवली गेली आणि नको म्हणून बाजूला ठेवली गेली. ती तिथे वाजली १९८२ मध्ये. पण दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. स्वतः ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलेल्या होल्स्टने १९२८ च्या स्पर्धेसाठी ‘मूरसाइड स्वीट’ लिहिली, ७३ वर्षांच्या एल्गारने १९३० साठी ‘सेव्हर्न स्वीट’, पाठोपाठ जॉन आयर्लंड, हॉवेल्स आणि ब्लिस आले. १९७३ मध्ये हॅरिसन बर्टविसलने ‘ग्राइमथॉर्प आरिया’ लिहिली. ती आजही खाणगावच्या बँडकडून कुणाला अपेक्षित नसलेले आधुनिक संगीत मानली जाते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली नवी रचना एकदा वाजून कपाटात जाते. स्पर्धेची रचना दोन-तीन महिने रोज घासली जाते, मग एकाच दिवशी वीसेक बँड ती लागोपाठ वाजवतात आणि सभागृहातला श्रोता मांडीवर स्वरलिपी उघडी ठेवून ऐकतो. नव्या संगीताचे इतके बारकाईने श्रवण सुशिक्षित मैफिलीतही क्वचित होते. हा श्रोता बहुधा स्वतः वादक असतो, म्हणजे तोही याच शिक्षणाचे फळ.

यापेक्षा गंभीर आक्षेप दाराचा आहे. ज्या व्यवस्थेला सर्वांना सामावून घेणारी म्हणतो, तिने अर्ध्या गावाला कितीतरी काळ बाहेर ठेवले होते. मुलगी घरी कॉर्नेट शिकली तरी बापाच्या बँडात तिला जागा नसे. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा काही दारे किलकिली झाली, आणि वरच्या फळीतल्या काही बँडांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बायकांना दूरच ठेवले. हा दोष पांघरूण घालण्यासारखा नाही. पण दार कसे उघडले हे पाहण्यासारखे आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर स्थानिक प्रशासनांनी शाळांत वाद्यशिक्षक पाठवायला सुरुवात केली, १९५२ मध्ये डेनिस राइट यांनी राष्ट्रीय युवा ब्रास बँड उभा केला, आणि शाळेत मुलामुलींच्या हातात सारखीच वाद्ये पडू लागली. खाणी बंद होत होत्या त्याच दशकांत बँडमध्ये मुली, शिक्षक, परिचारिका, कारकून येत गेले. खाणकामगार संपले तरी खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत त्या यामुळे. शिकण्याची वाट रुंद झाली तेव्हा बँड वाचला. अरुंद ठेवून बसलेल्यांना वादकांची चणचण आधी जाणवली.

ब्रिटनबाहेरची उदाहरणे या मताची खरी परीक्षा घेतात, कारण तिथे खाण, गिरणी आणि उत्तर इंग्लंडची अस्मिता हे काहीच नाही. नॉर्वेतल्या बर्गनजवळच्या वस्त्यांचा आयकांगर-ब्यॉर्शविक बँड १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोनदा युरोपीय विजेता ठरला. नॉर्वेत जवळपास प्रत्येक शाळेच्या परिसरात मुलांचे बँडपथक असते, १७ मे च्या राष्ट्रीय दिनाला ते रस्त्यावर उतरते आणि पालक वर्गणी काढून त्याचा भार उचलतात. अमेरिकेत ब्रिटिश धर्तीच्या बँडांची संघटना १९८३ मध्ये स्थापन झाली. तिथल्या ट्युबावाल्यांना बास क्लेफची सवय, म्हणून ब्रिटिश पद्धतीची एकच लिपी तिथे सोय न ठरता अडचण ठरते. तरी बँड चालतात, कारण हायस्कूल आणि कॉलेजच्या बँडांतून वाचता येणारे वादक बाहेर पडतात. यावरून माझ्या मताला एक दुरुस्ती जोडायला हवी: एकाच लिपीची युक्ती महत्त्वाची आहे, पण ती साधन आहे. मुलांना वाजवायला शिकवणारी जागा गावात असणे, हे त्याहून मूळचे.

आपल्याकडे हीच वाद्ये लष्कर, पोलीस, संस्थाने आणि चर्च यांच्यामार्फत आली आणि त्यांचे वेगळे झाड झाले. मेरठच्या जाली कोठीत घडलेली युफोनियम आणि ट्रम्पेट घेऊन मराठी मुलखातले बँड वराती आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुका गाजवतात. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतीय बँडवाल्यांवर २००५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण हा व्यवसाय आहे. वादनाचे शिक्षण बहुधा घराण्यात किंवा मास्तरच्या हाताखाली, कानावर भिस्त ठेवून होते, आणि डीजेने सुपाऱ्या हिरावल्या की शिकणाऱ्यांची पुढची पिढीही आटते. गोव्यात चर्चच्या शाळांनी स्वरलिपी वाचणारी मुले पिढ्यान्‌पिढ्या तयार केली, आणि मुंबईच्या पोलीस बँडपासून चित्रपटांच्या वाद्यवृंदापर्यंत ती पोचली. वाद्ये तीच असली तरी त्यांचे पुढे काय होते हे शिकवण्याच्या जागेवरून ठरते, याचा दाखला आपल्या किनाऱ्यावरही आहे.

या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष दिलासा देणारा नाही. गिरण्या आणि खाणी गेल्याने बँड मेले नाहीत, कारण त्यांचा प्राण तिथे नव्हता. तो जिथे आहे तिथेच आता घाव बसतो आहे. १९८० नंतर ब्रिटनमधल्या शाळांतले मोफत वाद्यशिक्षण आक्रसत गेले, फी वाढली आणि गरीब घरातल्या मुलाच्या हाती कॉर्नेट पडण्याची शक्यता घटली. वरच्या वर्गातले बँड अजून झळकत आहेत, कारण त्यांच्याकडे संगीत महाविद्यालयांतून वादक येतात. खालच्या वर्गांत मात्र खुर्च्या भरण्याची ओढाताण आहे. चषक कुणी उचलला यावरून या परंपरेची प्रकृती मोजणे म्हणूनच फसवे आहे. चौथ्या वर्गातल्या बँडच्या थर्ड कॉर्नेटवर यंदा नवे कोण बसले, त्याला वाद्य कुणी दिले आणि शिकवायला कोण आले, हे विचारले पाहिजे. काही बँडांनी हे ओळखून गावातल्या शाळांत स्वतःचे वर्ग सुरू केले आहेत. सरकारने सोडलेले काम मूठभर हौशी लोकांनी उचलायचे, यात अन्याय आहे; पण त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी पेनी-पेनी जमवून सुरुवात केली होती तीही याच कामापासून. जे बँड या वर्गांसाठी वेळ आणि पैसा काढतील ते पुढच्या पन्नास वर्षांत वाजत राहतील. बाकीच्यांची नावे, कितीही गौरवाची असली तरी, जुन्या निकालपत्रांतच सापडतील.